आरसा मिस्त्रींची सुनावणी

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला सगळे आरसा मिस्त्री म्हणायचे. धंदा गिलाव्याचा. भिंतीवर सिमेंटचा माल चढवायचा आणि थापीनं ती आरशासारखी इतकी साफ करायची की मागून येणारे रंगारी खूश व्हायचे, त्यांचं निम्मं काम वाचायचं. काम संपलं की भाऊजी भिंतीला अगदी चिकटवून दिवा धरायचे. आडव्या उजेडात बारीकसा उंचवटाही सावली टाकतो. सावली दिसली की तेवढा भाग खरवडून पुन्हा सुरुवात. घरमालक वैतागून म्हणायचा, "अहो, राहू द्या, तिथं कपाट येणार आहे." भाऊजी म्हणायचे, "पण कपाटाला तर कळेल ना?"

मी त्यांची धाकटी मेव्हणी, त्यामुळे त्यांची थट्टा करायचा हक्क माझाच. मी औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते. दिवसभर लोकांची दुखणी ऐकून माणूस मऊ होतो म्हणतात, मी काही झाले नाही. ताई आणि भाऊजी वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतात, मी खाली एका खोलीत. त्यांना मूलबाळ नाही आणि मी लग्नाच्या भानगडीत पडले नाही, त्यामुळे आमचं कुटुंब म्हणजे आम्ही तिघंच. बाकी भाऊजींचा एक धाकटा भाऊ आहे, दुसऱ्या गावात. त्याच्याविषयी मी जितकं कमी बोलेन तितकं बरं.

भाऊजींच्या तोंडात कायम एकच वाक्य असायचं, "होऊन जाईल." हे त्यांच्या एकट्याचं नाही, त्या धंद्यातल्या सगळ्यांचंच. मालक विचारतो, लग्नाच्या आत होईल का? होऊन जाईल. छत ओलं आहे, माल धरेल का? होऊन जाईल. जो मिस्त्री "बघू" म्हणतो, त्याच्या हातून काम गेलंच, मालक पलीकडच्या टोळीकडे वळतो. भाऊजींना हे वळण त्यांच्या उस्तादानं पोरवयात लावलं होतं. आधी हो म्हणायचं, मग कसं करायचं ते रात्री अंथरुणात ठरवायचं. आणि ते करायचेही. दिलेला शब्द त्यांनी मोडला, असं मला तरी आठवत नाही.

मग एका जिन्याचं छत करताना परांचीची फळी सरकली आणि भाऊजी खाली आले. फार उंचावरून नाही. उठून बसले, कपडे झटकले, बरोबरच्यांना म्हणाले, "काही नाही, होऊन जाईल." त्यांना वाटलं मुका मार आहे. पण मानेचा मणका मोडला होता. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, पायही वाचले. पण हातांच्या नसा गेल्या त्या गेल्याच. बोटांना गरम-गार कळेना, हातात धरलेली वस्तू आहे की पडली ते बघितल्याशिवाय समजेना. कधीतरी एखाद्या सकाळी हात बरे चालायचे, आणि मग त्याच दिवशी दुपारी चमचाही पेलायचा नाही.

मोठ्या कंत्राटदाराकडे असताना भाऊजींच्या मजुरीतून दर महिन्याला अपंगत्वाच्या विम्याचा हप्ता कापला जायचा. तेव्हा ते त्यावर कुरकुर करायचे, उगाच पैसे खातात म्हणायचे. आता तोच विमा घर चालवत होता. पहिली दोन वर्षं काही त्रास झाला नाही. डॉक्टरांचा दाखला द्यायचा, पैसे यायचे. ताई एका कचेरीच्या इमारतीत जिने आणि फरशा पुसते, तिची कमाई आणि हा लाभ मिळून दोन खोल्यांचं भाडं निघायचं.

दोन वर्षं झाल्यावर तपासणीचं बोलावणं आलं. भाऊजींनी दाढी केली, म्हणजे ताईनं केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि परीक्षेला बसावं तसे गेले. मी सोबत होते, पण आत फक्त त्यांना घेतलं. बाहेर आले ते चक्क खुशीत. म्हणाले, "डॉक्टरीणबाई फार चांगल्या. तरुण आहेत, पण नीट विचारत होत्या."

"काय विचारलं?"

"हेच. हात वर नेता येतो का, बादली उचलता येते का, पेन धरता येतं का."

"मग?"

"केलं की. सगळं करून दाखवलं. एक-दोन वेळा त्रास झाला, पण म्हटलं होऊन जाईल."

मला तिथेच रस्त्यावर बसावंसं वाटलं. घरी आल्यावर ते तीन दिवस पडून होते, मानेखाली उशी घेऊन, दोन्ही हात कुणीतरी काढून बाजूला ठेवल्यासारखे. ते तीन दिवस बघायला डॉक्टरीणबाई आल्या नव्हत्या. त्यांनी जे पाहिलं ते लिहिलं, त्यांची तरी काय चूक? महिनाभरानं उत्तर आलं, हे गृहस्थ हलकं, बसून करायचं काम करू शकतात, सबब लाभ बंद.

ताईनं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे आता दिरांकडे." बस, एवढंच. तिचा दीर आधीपासून म्हणत होता, आमच्याकडे मागची खोली आहे, येऊन राहा. त्याच्या त्या म्हणण्यात कसला दर्प असायचा ते मी ऐकलंय. भाऊजींनी त्याला शिकवून मोठा केला होता. त्या माणसाच्या मागच्या खोलीत, त्याच्या ताटातलं खात भाऊजी किती दिवस जगले असते कुणास ठाऊक. लाभ परत मिळाला तर त्या दोघांचं घर राहणार होतं, नाहीतर ती खोली.

मी दुसऱ्याच दिवशी रजा टाकून विमा कचेरीत गेले. भांडायची सगळी तयारी करून गेले होते. खिडकीमागे एक पोक्त कारकून होते, नाकावर चष्मा, गळ्यात मफलर. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, झालं का बोलून? मग आता माझं ऐका."

त्यांनी जे सांगितलं ते मला आजवर कुणी समजावलं नव्हतं. पहिली दोन वर्षं विमा एवढंच बघतो की माणसाला त्याचं स्वतःचं काम जमतं का. गिलाव्याचं काम जमत नाही हे आंधळ्यालाही दिसत होतं, म्हणून प्रश्न आला नाही. दोन वर्षांनी कसोटी बदलते. मग बघतात की कुठलंही काम जमेल का. दारावर बसणं, नावं लिहून घेणं, पावत्या फाडणं, काहीही.

"आणि येतं का म्हणून विचारतात," कारकून म्हणाले, "त्याचा अर्थ एकदा येतं का असा नसतो. रोज येतं का, दिवसभर येतं का, आणि आज केल्यावर उद्या परत येतं का. तुमच्या भाऊजींनी एकदाचं सांगितलं, त्यांनी रोजचं धरलं. अपील करा. सुनावणीत तिघं जण बसतात, ते ऐकून घेतात. त्यांना चांगल्या दिवसाचं सांगू नका, वाईट दिवसाचं सांगा. आणि घरचं कुणी असेल तर त्यांनाही बोलू द्या. घरच्यांना जास्त दिसतं."

मी भांडण तसंच परत घेऊन घरी आले.

त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरात शाळा भरू लागली. मी डॉक्टरीणबाई व्हायचे, टेबलाच्या पलीकडे बसायचे. भाऊजी समोर. ताई भांडी घासत ऐकायची.

"पाण्यानं भरलेली बादली उचलता येते का?"

"होऊन जा... नाही."

"नाही काय? नीट सांगा."

"नाही येत."

"शर्टाची बटणं लावता येतात?"

"वेळ लागतो, पण होऊन जाईल."

"अहो भाऊजी!"

"अगं, तोंडातून आपोआप निघतं. मी काय करू?" ते ओशाळून हसायचे. ताईला हसू फुटायचं, मग मलाही. एकदा आम्ही तिघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. आणि हसणं ओसरल्यावर भाऊजी हळूच म्हणाले, "नाही म्हटलं ना, की वाटतं समोरचा आता उठणार आणि दुसऱ्या मिस्त्रीकडे जाणार."

मी त्या दिवशीची शाळा तिथेच सोडली.

नंतर जिन्यात मी ताईला गाठलं. म्हटलं, त्यांच्याच्यानं हे होणार नाही, कारकून म्हणाले तसं तू बोल. ताईनं झटकन मान हलवली. "मी नाही बोलणार."

"का?"

"त्यांना वाटतं मला काही माहीत नाही. तसंच राहू दे."

"काय माहीत नाही?"

"तुलाही सांगणार नाही," ती म्हणाली आणि वर निघून गेली. मला राग आला. घर जायची वेळ आली आणि ही बाई गुपितं सांभाळत बसलीये, असं वाटलं. मी तिच्याशी दोन दिवस धड बोलले नाही.

सुनावणीची खोली साधी होती. लांब टेबल, पाण्याचा तांब्या, एक करकरणारा पंखा. टेबलामागे तिघं, मधे एक पिकल्या केसांच्या बाई, त्याच प्रमुख होत्या. आवाज मऊ. त्यांनी भाऊजींना आधी बसायला सांगितलं, पाणी हवं का विचारलं. भाऊजी म्हणाले, "नको, नको." तहान लागली असणार, पण पेला धरायची पंचाईत.

सुरुवात बरी झाली. बादली? नाही येत. शिडी? नाही येत. प्रत्येक "नाही"ला ते माझ्याकडे बघत होते, पाठ केलेलं बरोबर म्हटलं ना, असं. माझा जीव भांड्यात पडायला लागला होता. तेवढ्यात उजवीकडचे गृहस्थ पुढे वाकले. म्हणाले, "समजा असं काम आहे. एखाद्या इमारतीच्या दारावर खुर्चीवर बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं वहीत लिहायची. ओझं नाही, चढ-उतार नाही. असं काम तुम्हाला जमेल का?"

हा प्रश्न आमच्या शाळेत आला नव्हता. आणि हा प्रश्न म्हणजे काम होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांना काम देऊ करत होतं. मी भाऊजींचा चेहरा बघितला आणि मला कळलं की संपलं. ते ताठ बसले. मान दुखत असताना ताठ बसले. म्हणाले, "होऊन जाईल, साहेब. एकदा सांगून तर बघा."

त्या गृहस्थांनी लिहून घेतलं. मी डोळे मिटले. मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटत होतं आणि पदराखाली घ्यावंसंही वाटत होतं.

प्रमुख बाईंनी कागद सारखे केले आणि सवयीनं विचारलं, घरच्यांपैकी कुणाला काही सांगायचं आहे का. मी उठणार, तेवढ्यात ताई उठली. तिचे हात पुसल्या फरशीसारखे ओले झाले होते, ती ते पदराला पुसत होती. भाऊजींकडे तिनं पाहिलं नाही. टेबलाकडेच बघत बोलली.

"मी कधी अशी बोललेली नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. नावं लिहायची म्हणता, तर त्यांना पेन धरवत नाही. अपिलाच्या कागदावर सही करायला त्यांना एक आख्खी सकाळ लागली. दार लावून बसले होते, पण चुरगाळलेले कागद मीच उचलते ना. शर्टाची बटणं मी रात्रीच लावून ठेवते, वरचं एक सोडून, आणि सांगते की इस्त्रीवाला असंच देतो. मग ते डोक्यातून घालतात. चहा मी अर्धाच कप देते, सांडू नये म्हणून. दूध महाग झालंय असं सांगितलंय. मागे तव्याला हात लागला, बोटं भाजली, त्यांना कळलंच नाही. मला वास आला. मी मलम लावलं आणि म्हटलं, कातडी कोरडी पडलीये."

पंखा करकरत होता. ती थांबली, मला वाटलं झालं. पण झालं नव्हतं.

"मी कामावरून येऊन स्वयंपाकाला लागले की ते मागच्या गॅलरीत जातात. तिथं त्यांची थापी ठेवलेली आहे. रोज धरून बघतात. ती पडते. लोखंडाची आहे, फरशीवर पडली की मोठा आवाज होतो. मग मी आत भांडी आदळते. म्हणजे त्यांना वाटावं, मला ऐकूच आलं नाही. रोज असं. पडली की मी भांडं आदळते." मग ती उजवीकडच्या गृहस्थांकडे वळली. "त्यांनी तुम्हाला हो सांगितलं ते खोटं नाही हो. त्यांना वाटतं उद्या होईल. पण होत नाही. आता होणारही नाही."

मी खालीच राहते. गेली दोन वर्षं वरून भांड्यांचा तो धडधडाट ऐकत होते आणि दुकानातल्या बायकांना सांगत होते, ताईचा स्वभाव वयानं फार चिडका झालाय. मला आता तिथं रडू आवरेना.

प्रमुख बाईंनी चष्मा काढला. भाऊजींकडे वळून विचारलं, "हे खरं आहे का?"

भाऊजींनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मांडीवर ठेवलेले हात, उलटे पडलेले. मग म्हणाले, "ती सांगते ते बरोबर आहे."

आम्ही बाहेर आलो. एरवी भाऊजी ताईच्या चार पावलं पुढे चालायचे, त्या दिवशी मागे राहिले. रस्ता ओलांडताना ताई थांबली, तेव्हा तेही थांबले, पण तिच्या शेजारी नाही. बसमध्ये मी दोघांच्या मधे बसले. घराजवळ आल्यावर त्यांनी ताईला विचारलं, "केव्हापासून माहीत होतं तुला?"

"पहिल्यापासूनच."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"बरं वाटत होतं तुम्हाला," ताई म्हणाली.

नंतरचे दिवस वाईट गेले. भाऊजी गॅलरीत जायचे बंद झाले. खिडकीशी बसून राहायचे. ताई विचारेल तेवढ्याला उत्तर, तेही मानेनं. वर भांडी वाजत नव्हती आणि मला खाली ती शांतता सोसवत नव्हती. मी वर जाऊन दोन-चार थट्टेच्या गोष्टी बोलून यायचे, त्यांतली एकही धड लागायची नाही. ताई एकदा माझ्या खोलीत येऊन बसली आणि म्हणाली, "घर वाचवायला गेले गं, आणि माणसालाच उघडं पाडून आले." मी तिला सांगितलं की तू केलंस तेच बरोबर. सांगितलं खरं, पण तिच्या जागी मी असते तर माझ्याच्यानं झालं असतं का, देव जाणे. आजही जी व्यवस्था माणसाला पोटासाठी अशी चार परक्यांपुढे उघडं करायला लावते, तिच्याविषयी माझ्या मनात एकही बरा शब्द नाही. मग त्या टेबलामागची माणसं कितीही भली असोत.

निकाल आला. लाभ पुन्हा सुरू, मधल्या महिन्यांचाही मिळणार, दरवर्षी डॉक्टरांचा दाखला तेवढा द्यायचा. मीच वाचून दाखवला. ताईनं कागद कपाळाला लावला. भाऊजींनी विचारलं, "म्हणजे आपल्याला इथंच राहता येईल?" मी म्हटलं, हो, कायमचं. ते म्हणाले, "बरं झालं." आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले.

त्या दिवशी ताईनं मला जेवायला थांबवून घेतलं. ती आत गेली, वाढू लागली. मी पाटपाणी केलं, आम्ही बसलो. तिनं भाऊजींसमोर ताट ठेवलं. त्यांनी ताटाकडे पाहिलं, हात लावला नाही.

"काय झालं?" ताई घाबरलीच. "आवडीचंच केलंय."

"हे सुनावणीत सांगायचं राहिलं तुझं," भाऊजी म्हणाले.

"काय?"

"माझं जेवण आतूनच बारीक कुस्करून आणतेस ते. हातानं तुकडा मोडावा लागू नये म्हणून अख्खं काही ठेवतच नाहीस. तुला काय वाटतं गं, सगळ्या घरांत असंच रांधतात असं मी समजतो?"

भाऊजींच्या आवाजात राग नव्हता. इतक्या दिवसांनी ते तिच्याकडे नीट बघत होते.

"ने ते परत. तुमच्या दोघींच्या ताटात आहे तसं आण. अख्खं."

ताई उठली. दुसरं ताट घेऊन आली आणि त्यांच्यासमोर ठेवून तशीच उभी राहिली, पुढे काय करायचं ते न सुचून.

"बस," ते म्हणाले. "इथं, माझ्या शेजारी. आता मला दिसेल असं कर."

ती बसली. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, घास केला. तो तिनं त्यांच्या तोंडाजवळ नेला, आणि त्यांनी तोंड उघडलं.